कोड आणि आपल्याच टी-पेशी: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. १४ वर्षांपूर्वी डाव्या मनगटावर पहिला पांढरा डाग आला. मग कोपरं, गुडघे, ओठाची कड. तेव्हापासून स्टाफरूममध्ये, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात लोक जे विचारत आले ते प्रश्न इथे आहेत. उत्तरं मी वाचून आणि डॉक्टरांना भंडावून गोळा केलेली आहेत. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं आणि किती, हे त्वचेच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

रक्तात दोष असतो म्हणून कोड फुटतं ना?

सगळ्यात जास्त पैसा या एका समजुतीपायी वाया जातो, म्हणून हा प्रश्न आधी. आमच्या घरी दोन वर्षं रक्तशुद्धीचे काढे उकळत होते. चूल माझ्या आईची, कडवटपणा माझा.

कोडाची जागा त्वचेत आहे. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी बसलेल्या असतात. त्यांना फांद्या असतात. एक रंगपेशी या फांद्यांमधून आजूबाजूच्या साधारण ३६ पेशींना मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, पुरवते. गोऱ्या आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते, फरक असतो तो त्या किती आणि कसं मेलॅनिन बनवतात यात. कोडामध्ये या रंगपेशीच नाहीशा होतात, आणि त्यांना संपवणाऱ्या पेशी आपल्याच रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या असतात. अशा आजारांना डॉक्टर ऑटोइम्यून म्हणतात. जगातल्या साधारण अर्धा ते २ टक्के लोकांना कोड आहे. बस भरली की तिच्यात एखादा तरी असू शकतो, बाह्या लांब असल्या तर आपल्याला दिसत नाही एवढंच.

पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणून अंग पांढरं पडतं का?

नाही. पांढऱ्या पेशींचं नाव रक्ताच्या तपासणीतल्या रंगावरून पडलं आहे, त्यांचा डागाच्या रंगाशी संबंध नाही. बहुतेक कोडवाल्यांचा रक्ताचा साधा रिपोर्ट अगदी नॉर्मल येतो. तरीही गंमत अशी, की प्रश्न विचारणाऱ्या मावशी अर्ध्या बरोबर होत्या. उपद्रव पांढऱ्या पेशींपैकीच काहींचा आहे. त्या संख्येनं वाढलेल्या नसतात, चुकीच्या जागी जाऊन बसलेल्या असतात.

मग रंगपेशींना मारतं कोण? कसं?

वर्गात मी हे जागलीवरून सांगते. ज्वारी निसवली की शेतात माळा बांधायचा. दिवसा पाखरांवर गोफण, रात्री डुकरांसाठी जागल. शरीरात अशी राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी एक जात म्हणजे सीडी-८ टी-पेशी.

शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे बाहेरच्या अंगाला मांडून ठेवते. टी-पेशी हे तुकडे चाचपत फिरते. विषाणूचा तुकडा हाती लागला की ती पेशी मारायची, हे तिचं काम. कोडात काही टी-पेशी टायरोसिनेज, मेलन-ए, जीपी-१०० अशा प्रथिनांचे तुकडे ओळखतात आणि गोफण उचलतात. ही प्रथिनं रंग तयार करण्याच्या कामातली, म्हणजे रंगपेशीच्या घरची. आपल्याच मालावर उठणाऱ्या अशा टी-पेशी निरोगी माणसातही थोड्याफार असतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे, तिथे तयार होतानाच टी-पेशींची चाळण होते. कुठल्याही चाळणीतून निसटतात तशा काही निसटतात.

हा नुसता तर्क नाही. २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी कोडाच्या डागाच्या कडेच्या त्वचेतून टी-पेशी वेगळ्या काढल्या आणि त्याच रुग्णाच्या रंग शाबूत असलेल्या त्वचेच्या तुकड्यात सोडल्या. तिथल्या रंगपेशी मेल्या. डागाची कड पसरते म्हणजे काय होतं, ते प्रयोगशाळेतल्या बशीत दिसलं.

मारण्याची रीत ठरलेली आहे. टी-पेशी रंगपेशीला चिकटते, परफोरिन नावाच्या प्रथिनानं तिला भोक पाडते आणि आत ग्रॅन्झाइम नावाची मारक एन्झाइमं सोडते. शिवाय टी-पेशींनी सोडलेल्या रसायनांमुळे रंगपेशीची शेजाऱ्यांवरची पकड सुटते आणि ती जागेवरून निखळते, असंही अलीकडच्या कामातून पुढे आलं आहे.

आता हाळीचा भाग. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आजचं नवीन औषध इथेच काम करतं. टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन सोडते. आजूबाजूच्या साध्या त्वचापेशींपर्यंत ते पोचलं की त्या सीएक्ससीएल-९ आणि सीएक्ससीएल-१० ही दुसरी रसायनं सोडू लागतात. ही झाली हाळी. रक्तातून फिरणाऱ्या टी-पेशींवर ही हाळी ऐकणारा कान असतो, त्याचं नाव सीएक्ससीआर-३. त्या हाळीच्या दिशेनं येतात, पुन्हा इंटरफेरॉन सोडतात, पुन्हा हाळी जाते. एका जागल्यानं आरोळी ठोकली की चारी माळ्यांवरून ओरडा सुरू होतो, आणि थोड्या वेळानं डुक्कर खरंच होतं का हे कुणालाच आठवत नाही.

पण पहिली आरोळी कशामुळे जाते?

रंगपेशीच आधी अडचणीत येते, असं दिसतं. मेलॅनिन बनवणं हे धगीचं काम आहे. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी त्रासदायक रसायनं तयार होतात. काही माणसांच्या रंगपेशींना जन्मतःच ही धग सोसत नाही. ताणात आलेली पेशी एचएसपी-७० नावाचं प्रथिन बाहेर सोडते. त्यानं त्वचेतल्या पहारेकरी डेंड्रायटिक पेशी जाग्या होतात. त्या रंगपेशीच्या प्रथिनांचे तुकडे घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत जातात आणि टी-पेशींना दाखवतात. पुढचं वर आलंच आहे.

बाहेरची रसायनंही ही धग वाढवतात. १९३९ च्या सुमारास अमेरिकेतल्या चामड्याच्या एका कारखान्यात रबरी हातमोजे घालणाऱ्या कामगारांचे हात पांढरे पडले. हातमोज्यांच्या रबरात मोनोबेन्झोन नावाचं रसायन होतं. आपल्या घरातलं उदाहरण टिकलीचं. टिकलीच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल असलं, तर कपाळाच्या मध्यावर टिकलीएवढाच गोल पांढरा डाग उठतो. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली उठतो, काहींना केस रंगवायच्या डायनं उठतो. असा डाग दिसला तर ती वस्तू त्याच दिवशी बंद करा. डाग वस्तूच्या जागेपुरता राहिला तर नशीब. काहींना तो पुढे इतरत्रही पसरतो.

परकराच्या नाडीच्या वळावरच डाग का येतात?

कोड पसरत असताना त्वचेला घासलं, खरचटलं, भाजलं की नेमक्या त्या रेषेत नवा डाग उठतो. याला कोबनरचा परिणाम म्हणतात. घासलेल्या जागेच्या पेशी ताणात येतात आणि टी-पेशी तिथे ओढल्या जातात. नाडी, सलवारीची गाठ, घट्ट बांगडी, चपलेचा अंगठा. ऊस तोडायला जाणाऱ्या बायकांच्या हातावर तर पाचटाचे ओरखडे रोजचेच. त्यांना "घासू देऊ नका" सांगणं सोपं, पाळणं अवघड. तरी नाडीच्या जागी रुंद पट्टी आणि कामाला लांब बाह्या, एवढं बहुतेकींना जमतं.

मलम लावलं, रंग आला, मलम बंद केलं, आणि डाग अगदी त्याच जागी परत. असं का?

हा प्रश्न मी स्वतः रडत विचारला होता. कोपराचा डाग भरून आला, मी ट्यूब फेकून दिली, पाच महिन्यांत तोच आकार परत. नकाशा छापून ठेवल्यासारखा.

याचं उत्तर टी-पेशींच्या एका वेगळ्या गटात आहे. त्यांना निवासी स्मृतिपेशी म्हणतात. लढाई संपल्यावर बाकीच्या टी-पेशी मरतात किंवा रक्तात परत जातात, या मात्र तिथेच मुक्काम करतात. ज्या बांधावरून एकदा डुक्कर शिरलं, त्या बांधावर जागल्या खोप घालून कायमचा राहिला, तसं. निरोगी शरीराला याचा मोठा फायदा असतो. एकदा आलेला विषाणू त्याच वाटेनं परत आला तर तो उंबऱ्यावरच अडतो. कोडात हीच आठवण अंगावर येते. केसांच्या मुळातून नवी रंगपेशी वर सरकली की खोपीतला जागल्या तिला ओळखतो, हाळी देतो, आणि रक्तातून कुमक येते.

या पेशी वर्षानुवर्षं जगतात. त्यांना जगवणारं एक रसायन म्हणजे इंटरल्यूकिन-१५, आणि तेही त्वचेतच बनतं. रक्त तपासून त्या सापडत नाहीत कारण त्या रक्तात नसतातच. रक्तशुद्धीच्या काढ्याबद्दल मी एवढी का कुरकुरते ते आता कळलं असेल.

उपचार थांबवल्यावर पहिल्या वर्षातच दर १० जणांपैकी साधारण ४ जणांचा डाग परत येतो. म्हणून रंग भरल्यानंतरही आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस हे टी-पेशींना शांत करणारं मलम लावत राहायला सांगतात. एका फ्रेंच अभ्यासात असं लावणाऱ्यांमध्ये परत येण्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास राहिलं. हे मला वेळेवर कुणी सांगितलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेल आणि गर्दीत मी ऐकलं नसेल, असंही असू शकतं.

या पेशींना आवरणारं कुणीच नसतं का?

असतं. नियामक टी-पेशी म्हणून एक गट आहे, "बस झालं, गोफण खाली ठेव" म्हणणारा. कोडाच्या त्वचेत हे वडीलधारे कमी असतात किंवा त्यांचं कुणी ऐकत नाही.

टी-पेशी मोजायची काही तपासणी आहे का?

रोजच्या उपचारात नाही, आणि लागतही नाही. डॉक्टर नुसतं बघून किंवा वूड्स लॅम्पच्या जांभळट उजेडात डाग ओळखतात. त्या उजेडात कोड खडूसारखं झळकतं. कड अस्पष्ट असेल, मोठ्या डागाभोवती साखर सांडल्यासारखे बारीक ठिपके असतील, किंवा पांढरा आणि नेहमीचा रंग यांच्यामध्ये फिकट पट्टा असेल, तर टी-पेशी आत्ता कामाला लागलेल्या आहेत असं समजायचं. थांबून बघण्यात अर्थ नसतो.

एक तपासणी मात्र करून घ्या, थायरॉइडची. एका अवयवावर उलटलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यावरही उलटू शकते, आणि कोडासोबत सगळ्यात जास्त आढळणारा आजार थायरॉइडचा आहे. माझाही टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, वाढलेला निघाला. वर्षभर जो थकवा मी पोरांच्या दंग्यावर ढकलत होते तो त्याचा होता.

कोणता उपचार नेमकं काय करतो?

दोन कामं वेगवेगळी आहेत, ओरडा बंद करणं आणि नवी रंगपेशी आणणं.

ओरडा बंद करायला स्टिरॉइडचं मलम आणि टॅक्रोलिमस. स्टिरॉइड फार दिवस लावलं तर कातडी पातळ पडते, म्हणून चेहऱ्यावर सहसा टॅक्रोलिमस देतात. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय ट्यूब आणून वर्षभर फासणारे मी पाहिले आहेत. डाग राहिला तो राहिला, वर गालावर लाल शिरा दिसायला लागल्या. कोड झपाट्यानं पसरत असेल तर आठवड्यात सलग २ दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे. ती भारतीय त्वचातज्ज्ञांनीच रुजवली.

नवा गट जॅक-रोधकांचा. इंटरफेरॉन-गॅमा त्वचापेशीच्या दारावर आलं तरी निरोप आत नेणारं एन्झाइम लागतं, त्याचं नाव जॅक. ते अडवलं की हाळी जात नाही. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेत रुक्सोलिटिनिब मलमाला १२ वर्षं आणि त्यावरच्या कोडरुग्णांसाठी परवानगी मिळाली. चाचण्यांमध्ये २४ आठवड्यांनी साधारण ३० टक्के लोकांच्या चेहऱ्यावरचं कोड तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भरलं, वर्षभरानं हा आकडा ५० टक्क्यांच्या आसपास गेला. आपल्याकडे त्याच गटातलं टोफॅसिटिनिबचं मलम वापरात आहे. पण खोपीतला जागल्या यानं मरत नाही, त्याचा आवाज पोचत नाही एवढंच. मलम थांबलं की आवाज परत.

रंगपेशी परत आणण्याचं काम लाइट करतो. नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे ठरावीक लांबीचे अतिनील किरण, ३११ नॅनोमीटरचे. तो त्वचेतल्या टी-पेशींना गप्प करतो आणि केसांच्या मुळाशी दडलेल्या रंगपेशींच्या मूळपेशींना जागं करतो. आठवड्यात दोन-तीनदा, किमान ६ महिने. धीर सुटतो तो इथेच.

ओठ आणि बोटांची टोकं का भरत नाहीत?

तिथे केस नाहीत. नवी रंगपेशी केसांच्या मुळातून वर येते, म्हणून डाग भरताना आधी केसांभोवती तपकिरी ठिपके दिसतात आणि ते एकमेकांत मिसळतात. शेतात उगवण दिसावी तसे. ज्या डागावरचे केसही पांढरे झाले तिथे हा साठा संपलेला असतो. अशा जागी, कोड वर्षभर तरी स्थिर असेल, तर मांडीची त्वचा किंवा तिच्यातल्या पेशी डागावर रुजवण्याची शस्त्रक्रिया करतात. कोड चालू असताना ती केली तर टी-पेशी नव्या पेशीही खातात, आणि जिथून त्वचा घेतली तिथे कोबनरचा डाग उठतो तो वेगळाच.

बावची लावून उन्हात बसू का?

बावचीत सोरालेन नावाचं रसायन आहे आणि सोरालेन उन्हाशी मिळून खरोखर काम करतं. अथर्ववेदात किलास म्हणून या डागांवरचे मंत्र आहेत, आयुर्वेदात बावची आहे, आणि आधुनिक दवाखान्यातला पुवा उपचार (सोरालेन आणि मोजून दिलेले अतिनील किरण) याच तत्त्वावर उभा आहे. अडचण मोजमापाची. मराठवाड्याचं मे महिन्यातलं ऊन ४२ अंशांचं, डागात मेलॅनिन नाही, आणि बावची किती मुरली हे कुणालाच माहीत नाही. फोड येतात, आणि जळलेल्या कातडीवर पुन्हा कोबनर. घरी करू नका.

आंबट बंद करायचं? मासे खाऊन दूध पिलं म्हणून झालं का?

नाही आणि नाही. टी-पेशीला ताक, लिंबू, चिंच कळत नाही. मी अंबाडीची भाजी चार वर्षं सोडली होती, त्याचं अजून वाईट वाटतं. आणि आमच्या घरात मासा कधी शिजलेलाच नाही.

शिवल्यानं होतं का? हे कुष्ठच ना?

शिवल्यानं होत नाही. जंतूच नाही तर लागणार काय? काही ठिकाणी याला पांढरं कुष्ठ म्हणतात, त्या नावानं फार नुकसान केलं आहे. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. त्याचा चट्टा फिकट असतो, दुधासारखा पांढरा नसतो, आणि तिथली संवेदना कमी झालेली असते. कोडाच्या डागावर मुंगी चावली तर तेवढीच चावते. चट्ट्यावर बधिरपणा असेल तर लाजू नका, सरकारी दवाखान्यात जा, कुष्ठरोगाचं औषध तिथे मोफत आहे आणि तो पूर्ण बरा होतो.

लेकरांना होईल का? सोयरीक जमवताना सांगावं का?

हा प्रश्न फक्त मुलींच्या आया विचारतात. मुलाच्या आईनं मला हा प्रश्न अजून विचारलेला नाही.

आई, बाप, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला कोड असेल तर शक्यता साधारण ६ ते ७ टक्के असते. म्हणजे ९० हून जास्त टक्के शक्यता न होण्याची. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचा अभ्यास झाला, त्यात एकाला कोड असताना दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण २३ टक्के निघालं. सगळी जनुकं सारखी असूनही चौघांतल्या तिघांच्या आसपास सुटले. सांगावं का? सांगावं, आणि ही टक्केवारीही सांगावी. लपवलेलं मांडवात कळतंच, तिथे आपल्या बाजूनं बोलायला कुणी नसतं.

माझ्या भाच्याला शरीराच्या एकाच बाजूला आहे. तेही असंच?

ते एकबाजूचं कोड. बहुधा लहान वयात येतं, वर्ष-दोन वर्षांत थांबतं आणि तिथले केस लवकर पांढरे होतात. तिथेही टी-पेशी सापडतात, पण वागणूक वेगळी. शस्त्रक्रियेचा गुण याच प्रकारात जास्त येतो.

मायकेल जॅक्सनलाही हेच होतं ना?

हो. १९९३ मध्ये त्यानं टीव्हीवर सांगितलं, लोकांना पटलं नाही. मृत्यूनंतरच्या तपासणीत ते सिद्ध झालं. तो २५ जून २००९ ला गेला, आणि २५ जून हाच जागतिक कोड दिवस पाळतात. आमच्या शाळेत मी त्या दिवशी अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घालते.

या टी-पेशींचा कुणाला काही उपयोग?

मेलॅनोमा हा रंगपेशींचाच कॅन्सर. त्यावर टी-पेशींचा लगाम सोडणारी औषधं देतात, तेव्हा काही रुग्णांच्या अंगावर कोड उठतं. डॉक्टर ते चांगलं लक्षण मानतात, कारण गोफण कॅन्सरलाही लागत असते.

मराठवाड्यात कुठे जायचं?

संभाजीनगरची घाटी, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाईची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. अशा ठिकाणी विभागाच्या पाटीवर 'त्वचा व गुप्तरोग' लिहिलेलं असतं. ती वाचून आमच्या शेजारच्या काकू दारातून परत आल्या होत्या. तुम्ही आत जा. लाइटचं मशीन चालू आहे का हे आधी विचारून घ्या. आठवड्यात दोन फेऱ्या म्हणजे दोन रोज बुडाले. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माझ्या ओळखीच्या दोघींनी अर्ध्यावर सोडलेला लाइट पुन्हा सुरू केला.

खोपीतल्या जागल्यालाच घरी पाठवता येणार नाही का?

हा प्रश्न सातवीतल्या एका मुलानं विचारला आणि संशोधकही नेमकं हेच विचारत आहेत. २०१८ मध्ये कोड असलेल्या उंदरांवर प्रयोग झाला. निवासी स्मृतिपेशींचं इंटरल्यूकिन-१५ शी असलेलं नातं तोडलं. खोप राहिली, भाकरी बंद झाली. पेशी कमी झाल्या, रंग परत आला आणि औषध थांबवल्यावरही बराच काळ टिकला. माणसांसाठी त्या वाटेचं औषध अजून दुकानात आलेलं नाही. माझ्या कपाटात टॅक्रोलिमसची ट्यूब आहे, आणि दाराच्या आत चिकटवलेल्या कॅलेंडरवर बुधवार आणि रविवारला गोल केलेले आहेत.